घरचा हलवा आणि साखरेचा प्रवास

पौष महिना लागला, थंडी अंगांत शिरूं लागली, कीं पूर्वीं मराठी घरांतील एखादी वडीलधारी बाई माजघराच्या कोपऱ्यांत शेगडी घेऊन बसे. शेगडींत निखारे अगदीं मंद, वर कल्हई केलेली पितळेची परात, परातींत मूठभर स्वच्छ तीळ, आणि हाताशीं एका भांड्यांत साखरेचा एकतारी पाक. चमचाभर पाक तिळांवर टाकावयाचा आणि बोटांनीं ते तीळ सारखे फिरवीत राहावयाचें. पाक वाळला कीं पुन्हां एक चमचा. हें काम दोन दोन, तीन तीन दिवस चाले. हळूहळू प्रत्येक तिळाभोंवतीं पांढरें शुभ्र कवच चढे आणि त्या कवचावर बारीक कांटे उमटत. हाच संक्रांतीचा कांटेरी हलवा. पुढें त्याचेच दागिने ओंवले जात. नव्या सुनेच्या काळ्या चंद्रकळेवर ते शोभत, आणि लहान मुलाच्या बोरन्हाणांत त्याच्या गळ्यांत पडत.

या हलव्याला भट्टी लागत नाहीं कीं यंत्र लागत नाहीं. साखर, थोडासा विस्तव आणि पुष्कळशी चिकाटी एवढेंच त्याचें साहित्य. चिकाटी घरची आणि विस्तवहि घरचा. साखर मात्र बाहेरून येते. ती कोठून आली, कोणी पिकविली, कोणाच्या श्रमानें ती इतकी स्वस्त झाली, हा प्रश्न परातीपुढें बसलेल्या माणसाला सहसा पडत नाहीं. परंतु गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासांत तो प्रश्न स्वयंपाकघरांत एकदां नव्हे, अनेकदां विचारला गेला आहे, आणि बायकांनीं त्याचें जें उत्तर दिलें त्याची दखल राज्यकर्त्यांनाहि घ्यावी लागली आहे. हलव्याच्या कृतीबरोबरच हा इतिहासहि जाणून घेण्यासारखा आहे.

प्रथम कृति. पाश्चात्य घरांत गोड खाऊ म्हटला कीं बहुधा भट्टी आठवते. मराठी घरांत भट्टी नसे. नानकटाई करावयाची झाली, तर पीठ घरीं मळून तें भाजण्यासाठीं बेकरींत धाडण्याची रीत शहरांतून होती. पण तो अपवाद. बाकी साऱ्या घरगुती खाऊची मदार चूल आणि पाक या दोहोंवर. तिळाची वडी, चिक्की, आलेपाक, हलवा या सर्वांचें मर्म एकच, आणि तें म्हणजे पाकाची पारख. पाकाचा थेंब चिमटींत धरून बोटें अलग केलीं असतां एक तार सुटली तर तो एकतारी, दोन सुटल्या तर दोनतारी. थंड पाण्यांत थेंब टाकला असतां त्याची मऊ गोळी वळली तर पाक गोळीबंद झाला. आणि तीच गोळी ताटावर टाकतांच टणकन् वाजली, तर पाक चिक्कीला आला. उष्णतामापक यंत्र हातीं नसतां केवळ बोटांनीं आणि कानांनीं केलेली ही मोजणी शास्त्राशीं चांगली जुळते. पाक उकळत राहिला कीं पाणी उडून जातें, साखरेचें प्रमाण वाढतें, आणि त्याबरोबर पाकाचें तपमानहि चढतें. गोळीबंद पाक सुमारें ११५ ते १२० अंश सेंटिग्रेडवर येतो. तडकणारा कडक पाक यावयास १५० अंशांच्या आसपास जावें लागतें. पाक त्यापुढें गेला तर तो करपून कडू होतो. म्हणून चिक्की करणारीचें सर्व लक्ष त्या शेवटच्या दोन मिनिटांवर असतें.

हलव्याची गोष्ट याहून निराळी. तेथें घाई नाहीं, पण विसांवाहि नाहीं. साखरेचा एक गुण असा कीं ती थंड पाण्यापेक्षां कढत पाण्यांत कितीतरी अधिक विरघळते. २० अंशांच्या पाण्यांत त्या पाण्याच्या दुप्पट वजनाची साखर मावते. पाणी उकळूं लागलें कीं जवळजवळ पांचपट मावते. यामुळें गरम पाक तिळावर पडून निवूं लागला, वाळूं लागला, कीं पाण्यांत न मावणारी साखर स्फटिकरूपानें बाहेर पडते. पाक थोडा थोडा घातला आणि बोटें सतत फिरत ठेविलीं, तर तीळ एकमेकांस चिकटत नाहींत. प्रत्येकावर निराळें कवच चढतें, आणि त्या कवचावर जे नवे स्फटिक वाढतात तेच हलव्याचे कांटे. थंड व कोरड्या हवेंत पाक लवकर वाळतो, म्हणून हलव्याला पौषांतील दिवस मानवतात. पाकांत लिंबू पिळलें, तर साखरेचा कांहीं भाग द्राक्षशर्करा आणि फलशर्करा यांत पालटतो व स्फटिक नीट बनत नाहींत. पारदर्शक गोळ्या करणाऱ्याला ही गोष्ट हितकर, हलवा करणारीला घातक. आजीबाईंना हें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण हलव्याच्या पाकाला त्या लिंबाचा स्पर्श होऊं देत नसत.

ज्या दाणेदार साखरेवर हा सारा खेळ चालतो, ती साखर मुळांत हिंदुस्थानची देणगी आहे. ऊंस मूळचा न्यूगिनी बेटाकडचा. तो फार प्राचीन काळीं इकडे आला. अथर्ववेदांत त्याचा उल्लेख आहे. परंतु ऊंस चघळणें वेगळें आणि त्याच्या रसाचा दाणा पाडणें वेगळें. हें दुसरें काम प्रथम हिंदुस्थानांत साधलें. कौटिलीय अर्थशास्त्रांत कोठारांतील जिनसा सांगतांना फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशीं उंसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांचीं पांच नांवें दिलीं आहेत. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट रस, गुड म्हणजे आपला गूळ, आणि पुढचे पदार्थ उत्तरोत्तर अधिक दाणेदार व अधिक शुद्ध. खंड या शब्दाचा अर्थ तुकडा. शर्करा याचा मूळ अर्थ खडा, वाळूचा कण. हे दोन शब्द साखरेबरोबरच प्रवासाला निघाले. इराणांत त्यांचे शकर आणि कंद झाले, अरबस्तानांत सुक्कर आणि कंदी झाले, आणि युरोपांत पोहोंचल्यावर इंग्रजी भाषेंत ते शुगर आणि कँडी होऊन बसले. आज मुलें कँडी मागतात, तेव्हां तीं नकळत खांडच मागत असतात.

हिंदुस्थानाबाहेरच्या लोकांना या पदार्थाचें मोठें नवल वाटे. इसवी सनापूर्वीं ३२५ च्या सुमारास अलेक्झांडरचा सेनानी निआर्कस यानें, या देशांत मधमाश्यांवांचून मध देणारे बोरू आहेत असें लिहून ठेविलें. चीनचा सम्राट् ताइ-त्सुंग यानें इ.स. ६४७ च्या सुमारास मगध देशीं माणसें पाठवून साखर करण्याची कृति शिकून घेतली, असें चिनी इतिहासग्रंथ सांगतात. इराण जिंकल्यावर अरबांनीं ऊंस पश्चिमेकडे नेला. इजिप्त, सिसिली, स्पेन असा तो भूमध्यसमुद्राच्या कांठाकांठानें पसरला. तरीहि युरोपांत कित्येक शतकें साखर हा स्वयंपाकाचा जिन्नस नव्हताच. ती औषधांच्या दुकानांत तोळ्यामाशांच्या भावानें मिळे, आणि राजेरजवाडे तिचा उपयोग पाचक म्हणून व श्रीमंती मिरविण्यासाठीं करीत.

त्या काळीं युरोपांतील बड्या घरांत जो खाऊ जेवणानंतर फिरविला जाई, तो आपल्या हलव्याशीं इतका मिळताजुळता आहे कीं वाचणारास आश्चर्य वाटावें. त्याला कंफिट म्हणत. बडीशेप किंवा धने घेऊन त्यांवर साखरेचीं पुटें चढवावयाचीं. लंडनमध्यें १६०२ सालीं छापलेल्या गृहिणींसाठींच्या एका पुस्तकांत ह्यू प्लॅट नांवाच्या ग्रंथकारानें ही कृति तपशीलवार दिली आहे. निखाऱ्यांवर दोऱ्यांनीं टांगलेलें पितळेचें पसरट भांडें, त्यांत बी, वरून पळीनें पाक, आणि प्रत्येक पुटानंतर हातानें चोळून, हलवून बी वाळविणें. गुळगुळीत दाण्याऐवजीं खरबरीत, कांटेदार दाणा हवा असेल, तर पाक अधिक कढवावा व पळी उंच धरून सोडावा, असेंहि तो सांगतो. परातीऐवजीं झुलतें भांडें आणि तिळाऐवजीं बडीशेप, एवढाच काय तो भेद. फरक होता तो किंमतींत. हा खाऊ त्या वेळीं सामान्य माणसाच्या घरांत येऊंच शकत नव्हता.

पुढें दोनशे वर्षांत तो सामान्यांच्या घरांत आला. इंग्लंडांत १७०० सालीं माणशीं वर्षाला सुमारें ४ पौंड साखर खपे; १८०० सालीं ती १८ पौंडांवर गेली. हा चमत्कार कशानें घडला, हें या इतिहासांतील सर्वांत काळें प्रकरण आहे. कोलंबसानें १४९३ सालच्या दुसऱ्या सफरींत ऊंसाचीं कांडीं वेस्ट इंडीज बेटांत नेलीं. तेथील हवेंत ऊंस माजला. पण ऊंसाचें काम माणूस पिळून काढणारें. तोडलेला ऊंस लवकर गाळला नाहीं तर रस आंबतो व साखर घटते. म्हणून हंगामांत घाणा रात्रंदिवस चालावा लागे. या कामासाठीं युरोपियन मळेवाल्यांनीं आफ्रिकेंतून माणसें पकडून आणविलीं. अटलांटिकच्या गुलामी व्यापाराच्या साडेतीन शतकांत सुमारें १ कोटि २५ लाख आफ्रिकन माणसें जहाजांवर चढविलीं गेलीं, आणि त्यांपैकीं सुमारें १८ लाख वाटेंतच मेलीं. जीं पोहोंचलीं त्यांतील फार मोठा भाग ऊंसाच्या मळ्यांत गेला. घाण्याजवळ एक कुऱ्हाड ठेविलेली असे. रात्रपाळींत पेंगलेल्या गुलामाचीं बोटें लाटांत सांपडलीं, तर सबंध शरीर ओढलें जाण्यापूर्वीं हात तोडतां यावा, यासाठीं ती कुऱ्हाड. चहाच्या पेल्यांतील साखर स्वस्त झाली ती अशी.

या अन्यायाविरुद्ध इंग्लंडांत चळवळ उठली. १७९१ च्या एप्रिलांत गुलामांचा व्यापार बंद करण्याची विल्बरफोर्सची सूचना पार्लमेंटनें फेटाळली. पार्लमेंट ऐकत नाहीं, तर घरांतूनच आरंभ करावा, असा विचार त्याच वर्षीं विल्यम फॉक्स या गृहस्थानें एका छोट्या पत्रकांत मांडला. त्यानें हिशोब मांडला तो असा: आठवड्याला ५ पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबानें ती २१ महिने वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल. या आंकड्यांत अचूकपणा किती हा प्रश्न निराळा; पण त्या पत्रकानें एक गोष्ट केली. साखरेच्या डब्यांत हात घालणाऱ्या माणसाला त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस दिसूं लागला. पत्रकाच्या हजारों प्रति खपल्या. चळवळीचा कार्यकर्ता टॉमस क्लार्कसन याच्या अंदाजानें सुमारें ३ लाख माणसांनीं वेस्ट इंडीजची साखर सोडली.

या बहिष्काराचें वैशिष्ट्य असें कीं तो मुख्यतः बायकांनीं चालविला. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता, पार्लमेंटांत त्यांचें कोणी नव्हतें. परंतु घरांत कोणती साखर यावी हें त्यांच्या हातांत होतें. पुढें १८२४ सालीं एलिझाबेथ हेरिक या बाईनें गुलामगिरी हळूहळू नव्हे तर तात्काळ नष्ट झाली पाहिजे असें प्रतिपादन करणारी पुस्तिका लिहिली. चळवळींतले पुरुष पुढारी तेव्हां 'हळूहळू'च्या पक्षाचे होते. हेरिकबाईंनीं लेस्टर शहरांत दारोदार फिरून लोकांना गुलामांच्या श्रमाची साखर न घेण्याची विनंति केली. याच सुमारास बाजारांत चिनी मातीचीं अशीं साखरपात्रें आलीं कीं ज्यांवर, यांतील साखर हिंदुस्थानची असून ती गुलामांनीं केलेली नाहीं, अशा अर्थाचा मजकूर छापलेला असे. गुलामांचा व्यापार १८०७ सालीं बेकायदा ठरला; ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ सालीं झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून अमलांत आला. एकट्या साखरेच्या बहिष्कारानें हें घडलें असें म्हणणें सत्यास सोडून होईल. स्वतः गुलामांनीं केलेलीं बंडें, प्रचारकांची चिकाटी आणि राजकारणांतील पालट हीं कारणेंहि तितकींच बलवत्तर होतीं. पण बहिष्कारानें लोकमत जागें केलें यांत शंका नाहीं. एक गोष्ट मात्र विसरूं नये. कायद्यानें २ कोटि पौंडांची भरपाई मंजूर केली ती मळेवाल्यांना. ज्यांनीं जन्मभर राबून साखर पिकविली त्यांना एक पैहि मिळाली नाहीं.

येथून या कथेची वाट हिंदुस्थानाकडे वळते. गुलाम मोकळे झाले, तरी ऊंस तोडणारे हात हवेच होते. मळेवाल्यांनीं ते हिंदुस्थानांतून करारानें नेण्यास आरंभ केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलास' नांवाचें जहाज ३६ मजुरांना घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत लागलें. पुढच्या सुमारें पाऊण शतकांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर त्या एका बेटावर उतरले. कलकत्ता आणि मद्रास यांप्रमाणें मुंबई बंदरांतूनहि माणसें गेलीं, आणि त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबें होतीं. त्यांचे वंशज आजहि मॉरिशसमध्यें मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशचतुर्थी थाटानें साजरी करतात. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ सालापासून जागतिक वारशाच्या यादींत आहे.

आणि त्याच मॉरिशसची साखर एकोणिसाव्या शतकांत गलबतें भरभरून मुंबईला येऊं लागली. ती देशी खांडेपेक्षां पांढरी, दाण्यानें एकसारखी आणि भावानें स्वस्त. बेटाच्या नांवावरून बाजारानें तिला 'मोरस' असें नांव दिलें. गुजराती घरांत तर हा शब्द साखरेचें नांव म्हणूनच रूढ झाला. कोंकणांतला माणूस समुद्रापलीकडे जाऊन ऊंस तोडी, आणि त्या ऊंसाची मोरस साखर कोंकणांतच राहिलेल्या त्याच्या भावाच्या घरीं सणाच्या दिवशीं पाकांत पडे. जी साखर करण्याची विद्या या देशानें जगाला शिकविली, तीच साखर आतां हा देश बाहेरून विकत घेऊं लागला होता. पुढें त्यांत युरोपच्या बीट साखरेची भर पडली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचीं सरकारें निर्यातीवर बक्षीस देत, त्यामुळें ती साखर येथें इतक्या पडत्या भावानें येई कीं १८९९ सालीं हिंदुस्थान सरकारला तिच्यावर जादा जकात बसवावी लागली. त्यानंतर जावा बेटाच्या साखरेनें बाजार व्यापला. गांवोगांवचे खांड करणारे कारागीर या लाटेपुढें टिकले नाहींत.

स्वदेशीची चळवळ १९०५ सालीं उभी राहिली, तेव्हां परदेशी कापडाच्या जोडीला परदेशी साखरहि बहिष्काराच्या यादींत आली. साखर पांढरी करण्यासाठीं परदेशीं कारखान्यांत हाडांचा कोळसा वापरतात ही गोष्ट लोकांना कळली होती, आणि ती खरीहि होती. त्यामुळें देशाभिमान आणि सोंवळें या दोन्ही दृष्टींनीं ती साखर अनेक घरांत वर्ज्य ठरली. कापडाची होळी चव्हाट्यावर पेटे, तिचें वर्णन वर्तमानपत्रांत येई. साखरेचा बहिष्कार मात्र चुलीपाशीं, कोणाला न दिसतां चाले. चहा गुळाचा होई, लाडू गुळाचे वळले जात. पण हलव्याचें काय? गुळाचा कांटेरी हलवा होत नाहीं. गुळांत साखरेबरोबर इतर शर्करा व मळी असल्यानें त्याचा स्वच्छ दाणा पडत नाहीं. तेव्हां देशी खांड मिळवून, ती दुधाचा हबका देऊन उकळून, मळी काढून पाक करावयाचा, किंवा त्या वर्षीं हलव्यावांचूनच संक्रांत करावयाची, असे दोनच मार्ग उरत. इंग्लंडांतील बायकांनीं १७९१ सालीं जो प्रश्न विचारला होता, तोच येथील बायकांपुढें दुसऱ्या रूपानें आला होता.

देशांतील साखरधंद्याला खरें बळ मिळालें तें १९३२ सालच्या संरक्षक कायद्यानें. परदेशी साखरेवर भारी जकात बसली आणि तीस-बत्तीस असलेल्या कारखान्यांची संख्या पांच-सहा वर्षांत शंभरावर गेली. महाराष्ट्रांत भंडारदरा व भाटघर येथील धरणें नुकतींच पुरीं झालीं होतीं. प्रवरा आणि नीरा यांच्या कालव्यांखालीं उभ्या राहिलेल्या ऊंसाला त्यामुळें गिऱ्हाईक मिळालें. तथापि पहिले कारखाने भांडवलदारांचे होते, आणि भाव ठरविणें शेतकऱ्याच्या हातीं नव्हतें. ती उणीव भरून काढण्यासाठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनीं नगर जिल्ह्यांत लोणी येथें शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. ज्यानें ऊंस लावला त्यानेंच साखरेचा मालक व्हावें, हा विचार लहान नव्हता. त्याच्या मागून महाराष्ट्रांत सहकारी कारखान्यांची मालिकाच उभी राहिली, आणि आज मराठी घरांत येणारी साखर पुष्कळदां मराठी मातींतलीच असते.

तेव्हां प्रश्न संपला काय? तो संपलेला नाहीं. लावणाऱ्याला मालकी मिळाली, पण तोडणाऱ्याला मिळाली नाहीं. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून लाखों माणसें बायकामुलांसह पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊंसतोडीला जातात. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोन माणसें, पण हिशोबांत एकच हत्यार. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर राबून फेडावयाची असते. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. मुलांची शाळा सुटते. बायका आजारपणांतहि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढतात. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड बायकांमध्यें गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होतात, अशी ओरड झाल्यावरून २०१९ सालीं महाराष्ट्र शासनानें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. जिल्ह्यांतील ८२ हजारांवर ऊंसतोड बायकांची जी पाहणी झाली, तींत १३ हजारांहून अधिक बायकांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचें आढळून आलें. पाळी चुकून खाडा पडूं नये, दुखणें कायमचें मिटावें, ही समजूत आणि नडलेल्याला लुबाडणारी वैद्यकी या दोहोंचें हें फळ. घाण्याजवळची कुऱ्हाड आणि ही शस्त्रक्रिया यांना एका मापानें मोजणें योग्य होणार नाहीं. गुलामगिरी ती गुलामगिरी. परंतु साखर थांबूं नये म्हणून माणसाचें अंग तोडावें, ही रीति दोन्हीकडे ओळखीची वाटते.

संक्रांतीला हलवा हल्लीं बहुधा दुकानांतून येतो. फिरत्या यंत्रांत तो कांहीं तासांत तयार होतो. बोटें पोळत नाहींत, डोळे धुरानें चुरचुरत नाहींत. तरीहि ज्या घरांत हौसेनें तो घरीं होतो, त्यांनीं ती रीत सोडूं नये. वाटीभर हलव्याला किती वेळ लागतो, हात किती भरून येतात, हें ज्यानें स्वतः करून पाहिलें, त्याला हातकामाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. आणि मुलें जवळ बसलेलीं असतात, तो वेळ या गोष्टी सांगण्यास सोयीचा असतो. शर्करेचा खडा, मगधाला आलेले चिनी दूत, लेस्टरच्या रस्त्यांतून दारोदार फिरणाऱ्या हेरिकबाई, मॉरिशसला गेलेले कोंकणी मजूर, आणि आज या घटकेला, पहांटेच्या थंडींत फडांत उभा असलेला कोयता.

पौषांत हलवा होतो, तेव्हांच ऊंसतोडीचा हंगाम ऐन भरांत असतो. तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंति आपण ज्यांना करतों, त्यांच्यांत ऊंस तोडणारी ती बाई कधींच नसते. तिच्या मजुरीचा दर, तिच्या मुलांची शाळा, तिच्या आजारपणाची रजा हे प्रश्न कारखान्याच्या सभेंत आणि विधिमंडळांत सुटावयाचे आहेत. पण ते तेथें नेटानें मांडले जावयाचे, तर आधीं घराघरांत त्यांची आठवण व्हावी लागते, हें साखरेच्या इतिहासांत एकदां सिद्ध झालें आहे.